लॅपटॉप दुपारीच काहून बंद पडतो: मदरबोर्ड बदलायच्या आधी गरमी कुठे अडून राहिली ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तेल्हाऱ्याकडच्या एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या भाऊंचा पाच-सहा वर्षं जुना लॅपटॉप, आठव्या जनरेशनचा आय फाईव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकलेली. सकाळी मशीन मस्त चालते, दुपारी बारा-एक वाजले की फॉर्म भरता भरता स्क्रीन काळी होऊन एकदम बंद, निळी स्क्रीन नाही की काही मेसेज नाही. दोनदा फॉरमॅट मारलं, कूलिंग पॅड आणला, आता एक दुकानवाला म्हणते मदरबोर्ड गेला, नऊ हजार लागतील. जुलैत पीकविम्याची गर्दी सुरू व्हायच्या आत मशीन धड पाहिजे, काय करू?

भाऊ, पहिले तर नऊ हजार देऊ नका. आत्ता तरी नाही. मी दर्यापूरच्या बाजूला सतरा वर्षांपासून हेच काम करून राहिलो आणि उन्हाळ्यात आपोआप बंद पडणारे जे लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात त्यात खरोखर बोर्ड गेलेला फार थोड्यांचा राहतो. बाकीच्यांचं दुखणं हजार-बाराशेच्या आतलं, काहींचं तर फुकटातलं. पण ते सापडायला आधी थांबून पाहावं लागते की मशीन बंद कशी पडते, किती वेळानं पडते, आणि पडते तेव्हा गरमी कुठे अडकलेली आहे. हे न पाहता फॉरमॅट मारणं म्हणजे ताप आला म्हणून अंगावरचा सदरा बदलणं.

गरमीचा रस्ता डोळ्यासमोर ठेवा. प्रोसेसरच्या चिपमध्ये गरमी तयार होते. चिपच्या डोक्यावर पेस्टचा पातळ थर, त्याच्यावर तांब्याची पट्टी, पट्टीतून निघालेली चपटी तांब्याची नळी म्हणजे हीटपाईप, नळीच्या टोकाला कंगव्यासारख्या बारीक पात्या म्हणजे फिन्स, आणि फिन्समधून हवा फेकणारा पंखा. पंख्यानंतर काय? तुमची खोली. लोक खोली विसरतात. आपल्याकडे तीच मोठी गोष्ट आहे. या रस्त्यात एक जागा तुंबली की मागे सगळं तापते, जसं पाटाला एका जागी गाळ बसला की पाणी मागेच चढते. तुमचं काम एवढंच की गाळ कोणत्या जागी बसला ते शोधायचं.

सकाळी चालते आणि दुपारी पडते याचा हिशोब आधी सांगतो, कारण यातच लोक घाबरून बोर्ड बदलतात. पंखा आणि फिन्स चिपला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाहीत. ते फक्त एवढंच ठरवतात की चिप खोलीपेक्षा किती डिग्री वर राहील. समजा जोराच्या कामात तुमची चिप खोलीपेक्षा ५५ डिग्री वर राहते. डिसेंबरात सकाळी खोली २० डिग्री, चिप ७५. मे महिन्यात टिनाच्या खोलीत दुपारी ४२ डिग्री, तर चिप ९७. मशीन तेच, काम तेच, बिघाड कणभर वाढला नाही. आता यात धुळीनं अजून दहा-पंधरा डिग्रीची भर टाकली की झालं. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ३५ डिग्रीपर्यंतच लिहिलेलं राहते, आणि आपल्याकडे अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी उन्हाळ्यात सहज ४५ च्या पुढे जातात. म्हणजे मार्च ते जून आपण सगळेच मशीन तिच्या हद्दीबाहेर चालवून राहिलो, आणि बारा महिने झाकून राहिलेला बिघाड मेमध्ये बाहेर येतो तो त्याच्यामुळेच.

पण एक बारीक गोष्ट समजून घ्या, कारण निदान इथूनच फिरते. तुमच्या पिढीच्या इंटेल चिपची हद्द साधारण १०० डिग्री आहे. तिथं पोचली की चिप एकदम बंद होत नाही, ती आधी स्वतःचा स्पीड कमी करते, याला थ्रॉटलिंग म्हणतात. मशीन मंद होते, माऊस अडकते, पोर्टल उघडायला वेळ लागते, लोक म्हणतात नेट स्लो आहे. स्पीड कमी केल्यावरही गरमी उतरली नाही तरच मशीन पॉवर तोडते. म्हणजे नुसती मंद होणारी मशीन आणि धाडकन बंद पडणारी मशीन या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. बंद पडून राहिली याचा अर्थ एक तर रस्ता चांगलाच तुंबला आहे, नाहीतर चिप सोडून दुसरंच काही तापून राहिलं, नाहीतर हा गरमीचा मामलाच नाही, पॉवरचा आहे. या तिघांत फरक करणं हेच खरं काम, बाकी मग हाताचं काम आहे.

तर आता पुरावा गोळा करा. स्टार्टवर राईट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, आणि बंद पडल्याच्या वेळेच्या आसपासच्या लाल-पिवळ्या नोंदी पाहा. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद भेटेलच, पण तिच्यावरून काही ठरवू नका, ती फक्त एवढंच म्हणते की मशीन नीट बंद न होता उठली. लाईट जाऊन बॅटरी संपली तरी तीच नोंद येते. कर्नल-पॉवर ८६ दिसली तर ती सरळ सांगते की क्रिटिकल तापमानामुळे बंद केलं, मग वादच नाही. कर्नल-प्रोसेसर-पॉवरची ३७ नंबरची नोंद दिसली तर समजा की फर्मवेअर, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, प्रोसेसरचा स्पीड दाबून धरून राहिलं. पण ८६ नाही दिसली म्हणून गरमी नाही असं समजू नका हं, खूप झपाट्यानं तापून हार्डवेअरनंच पॉवर तोडली तर विंडोजला लिहायला वेळच भेटत नाही.

याच्यापेक्षा पक्का पुरावा म्हणजे लॉग. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, सेन्सर्स ओन्लीवर टिक करून चालू करा आणि खालच्या बटणातून लॉगिंग सुरू करून ठेवा. ते दर दोन-दोन सेकंदाला तापमान, पंख्याचा स्पीड, बॅटरीचे व्होल्ट सगळं फाईलमध्ये लिहीत राहते. मग रोजचं काम करा. मशीन पडली की गार होऊ द्या, चालू करा आणि ती फाईल एक्सेलमध्ये उघडून एकदम शेवटच्या ओळी पाहा. शेवटच्या ओळीत प्रोसेसर ९८-१०० असेल तर गरमीचा रस्ता शोधायचा. शेवटच्या ओळीत ६२ असेल आणि तरीही मशीन पडली, तर प्रोसेसरला दोष देऊ नका, बॅटरी, चार्जर नाहीतर बोर्डकडे जा. एवढी एक ओळ न पाहता लोक हजारो रुपये टाकतात, मला खरंच वाईट वाटते.

त्याच लॉगमध्ये गरमी किती वेगानं चढली हेही पाहा. हे मी गिऱ्हाईकाला नेहमी सांगतो, कारण नुसता आकडा जे सांगत नाही ते चढण सांगते. मशीन गार आहे, चालू केली, एखादा मोठा व्हिडिओ नाहीतर मोठी एक्सेल उघडली आणि ४५ वरून दहा-पंधरा सेकंदांत ९५ ला गेली, तर चिपची गरमी तांब्यापर्यंत पोचूनच नाही राहिली. पेस्ट वाळली, नाहीतर हीटसिंकचा स्क्रू ढिला, नाहीतर मागच्या मेकॅनिकनं नीट बसवलं नाही. याच्या उलट, चढत चढत पंधरा-वीस मिनिटांनी ९५ ला गेली, तर पेस्ट ठीक आहे, गरमी तांब्यात उतरून राहिली पण बाहेर नाही निघून राहिली, म्हणजे फिन्स तुंबले नाहीतर पंखा मेला. आणि काम बंद केल्यावर किती वेळानं उतरते तेही पाहा, पाच सेकंदांत २० डिग्री खाली आली तर रस्ता मोकळा आहे, दहा मिनिटं ८० वरच रेंगाळली तर फिन्सच.

हाताची परीक्षाही करा, तिला काही लागत नाही. मशीन तापलेली असताना बाजूच्या जाळीसमोर तळहात धरा. हवा जोरात आणि गरम येऊन राहिली, तर कूलिंग आपलं काम करून राहिलं, खोली नाहीतर लोड जास्त आहे. हवा खूप गरम पण फुंकर घातल्यासारखी थोडीशी, तर फिन्स तुंबले. पंख्याचा आवाज मोठा पण हवाच नाही, तरी तेच. आणि आकडा ९५ दाखवते, पंखा जोरात फिरते, पण बाहेरची हवा साधीच आहे, गरमच नाही, तर गरमी फिन्सपर्यंत आलीच नाही. तिथं पेस्ट पाहायची, आणि पेस्ट बदलूनही तेच राहिलं तर हीटपाईप. हीटपाईपच्या आत थोडंसं पाणी राहते, ते गरम टोकाला वाफ होऊन गार टोकाकडे जाते, तिथं पुन्हा पाणी होऊन आतल्या जाळीतून परत येते. नळीला चीर पडली किंवा कोणी वाकवली की आतलं गेलं आणि मग ती नुसती तांब्याची पोकळ नळी. काढलेला हीटसिंक एका टोकानं गरम पाण्याच्या कपात धरा, दुसरं टोक काही सेकंदांतच हाताला चटका द्यायला लागलं पाहिजे. नाही लागलं तर नवा हीटसिंक.

आता आपल्या भागाच्या दोन खास गोष्टी, ज्या मला कोणत्याच व्हिडिओत दिसल्या नाहीत.

पहिली कापूस. ज्यांचं दुकान जिनिंगच्या रस्त्यावर आहे किंवा घरातच खोलीत कापूस भरून ठेवते, त्यांचे लॅपटॉप मी उघडतो तेव्हा धूळ दिसत नाही, पेळू दिसते. खरंच सांगतो, पंखा काढला की फिन्सच्या तोंडावर करड्या रंगाची लांब गुंडाळी चिमटीत धरून अख्खीच्या अख्खी निघते, जशी चरख्यावर धरायची पेळू राहते तशी. कापसाचा तंतू लांब राहते, तो फिन्सवर आडवा अडकते, त्याच्यावर दुसरा, आणि मग तुरीच्या मळणीचा भुसा त्याच्यात येऊन बसते की गादीच तयार होते. आणि ही गादी बाहेरून दिसत नाही. बाहेरच्या जाळीतून पाहिलं तर फिन्स चकचकीत, कारण ती बसते आतल्या बाजूला, पंखा आणि फिन्सच्या मधात. म्हणून बाहेरून ब्लोअर मारून काही होत नाही, उलट ती गादी मागे ढकलून पंख्यात घालता. तिच्यासाठी पंखा काढावाच लागते.

आणि कृपा करून पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर मारू नका. हे गावागावात चालू आहे. त्याच्या टाकीत पाणी आणि तेलाचा अंश राहते, तो बोर्डावर उडते, आणि प्रेशर एवढं की पंखा त्याच्या स्पीडच्या कितीतरी वर फिरते आणि बेअरिंग कायमचं घरघरायला लागते. ब्लोअर मारायचाच असेल तर पंख्याचं पातं टूथपिकनं अडवून धरा, फिरू देऊ नका.

दुसरी गोष्ट कूलर. उन्हाळ्यात सगळे लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवतात आणि मी समजू शकतो काहून ठेवतात. पण तुमचं गाव आणि माझं गाव, दोन्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्याजवळ. कूलरमध्ये बोअरचं खारं पाणी टाकलं की गवताच्या जाळीतून बारीक शिंतोडे उडतात, पाणी वाळते आणि मीठ बोर्डावर राहते. माझ्याकडे आलेल्या अशा मशीनच्या फिन्सवर आणि पंख्याच्या पात्यांवर पांढरी बुकटी राहते, बोटाला चरचरते. मिठाचं वाईट हे की जूनमध्ये हवेत ओल आली की ते ती ओल शोषून घेते आणि दोन बारीक पिनांच्या मधात करंट गळायला लागते, मग मशीन पावसाळ्यात बंद पडते आणि माणूस म्हणते, आता तर उन्हाळाही गेला, मग काहून? अशा बोर्डावर नुसतं आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून उपयोग नाही, मीठ त्याच्यात धड विरघळत नाही. बॅटरी पूर्ण सोडवून, इन्व्हर्टरच्या दुकानात भेटते ते डिस्टिल्ड वॉटर मऊ ब्रशनं लावून आधी मीठ काढायचं, मग आयपीएनं पाणी काढायचं, मग पूर्ण वाळू द्यायचं. हे घरी करू नका, दुकानवाल्याला सांगून करून घ्या. कूलर लावा, पण लॅपटॉप त्याच्या झोताच्या बाजूला ठेवा, समोर नाही, आणि खिडकी उघडी राहू द्या म्हणजे दमट हवा बाहेर निघेल.

उघडायचं म्हणाल तर ज्यानं कधी स्क्रू ड्रायव्हर धरला नाही त्यानं पहिल्यांदा आपल्या पोटापाण्याच्या मशीनवर शिकू नये. पण पंख्यापर्यंत जाणं बऱ्याच मॉडेलमध्ये सोपं राहते. मॉडेल नंबर टाकून व्हिडिओ आधी पूर्ण पाहा. खालचं झाकण काढलं की सगळ्यात पहिले बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, तो सोडवल्याशिवाय आत कशालाच हात लावायचा नाही. स्क्रू एका कागदावर मशीनचं चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवा, लांब-आखूड स्क्रू अदलाबदल झाले तर लांब स्क्रू वर कीबोर्डपर्यंत घुसते. हीटसिंकच्या स्क्रूजवळ बहुतेक वेळा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले राहतात, बसवताना त्याच क्रमानं थोडं थोडं आवळायचं, एक पूर्ण मग दुसरा पूर्ण असं नाही. एका बाजूनं दाबलं तर उघडी चिप कोपऱ्यात फुटू शकते, आणि मग खरंच मदरबोर्ड गेला.

जुनी पेस्ट चुन्यासारखी कोरडी, भुगा होऊन निघत असेल तर बदलायलाच आलेली होती. आयपीए आणि न झडणाऱ्या कपड्यानं चिप आरशासारखी करा. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखी धातूची टोपी नसते, म्हणून पेस्ट पूर्ण चिप झाकेल एवढी हवी, कोपरा उघडा राहिला तर तो कोपरा तापते. पातळ, एकसारखा थर. जास्त फासून फायदा नाही, पेस्टचं काम तांबं आणि चिपच्या मधली बारीक हवा भरून काढणं एवढंच आहे. पाच रुपयांची पांढरी पेस्ट टाकू नका, ती दोन उन्हाळेही टिकत नाही. आणि कोणी लिक्विड मेटल टाकून देतो म्हणालं तर नाही म्हणा, त्यातून करंट वाहते, थेंब बाजूला गेला तर शॉर्ट, आणि ॲल्युमिनियमला तर ते खाऊनच टाकते.

थर्मल पॅडबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथं मी स्वतः एका मॅडमची मशीन बिघडवली आहे. दहा-बारा वर्षं झाली असतील. जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमचा लॅपटॉप, नुसता गरम होते म्हणून आणला. मी साफ केला, पेस्ट बदलली, आणि प्रोसेसरच्या बाजूच्या पॉवरच्या भागांवर जे मऊ राखाडी पॅड राहतात ते फाटले म्हणून माझ्याकडचे नवे टाकले. जुने अर्ध्या मिलिमीटरचे होते, माझे एक मिलिमीटरचे. दिसायला सारखेच. पण त्या अर्ध्या मिलिमीटरनं अख्खा हीटसिंक उचलून धरला आणि चिपवर तो टेकलाच नाही. चालू केल्यावर एका मिनिटात १०० ला जाऊन बंद. मी दोन दिवस पंखा बदल, बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) बदल करत राहिलो, आणि शेवटी हीटसिंक काढून पाहिला तर पेस्टवर दाबल्याचा ठसाच नव्हता, टाकली तशीच थेंबासारखी उभी होती. मॅडमचे शाळेचे निकाल त्या मशीनमध्ये अडकले होते, मला आजही ते आठवते. तेव्हापासून माझ्याकडे अर्धा, एक आणि दीड असे तिन्ही जाडीचे पॅड राहतात, आणि पेस्ट लावून एकदा बसवून, परत काढून ठसा पाहिल्याशिवाय, मग ताजी पेस्ट लावल्याशिवाय मी मशीनचं झाकण लावत नाही. तुमच्या मशीनचं आधी कोणी सर्व्हिसिंग केलं असेल आणि त्याच्यानंतरच हा त्रास सुरू झाला असेल तर पहिला संशय इथंच घ्या.

पंखा. एचपीच्या मशीनवर सुरुवातीलाच फॅन एरर ९०बी असं आलं तर निदान झालंच समजा. बाकी मशीनमध्ये एचडब्ल्यूइन्फोत पंख्याचा आरपीएम पाहा, सगळ्या मॉडेलमध्ये दिसत नाही तो. नाही दिसला तर कान लावा. पंखा फिरते पण थांबत-थांबत, किंवा मशीन उभी धरली की आवाज बदलते, तर बेअरिंग गेलं. तेलाचा थेंब टाकून दोन-तीन महिने निघतात, पण मग परत येते, त्यापेक्षा नवा टाकलेला बरा. अकोल्या-अमरावतीत नेहमीच्या मॉडेलचे भेटतात, नाहीतर ऑनलाईन मागवा, फक्त मॉडेलसोबत पंख्यावरच्या स्टिकरचा पार्ट नंबर जुळवा, तारा कोणत्या बाजूनं निघतात तेही जुळवा.

आता गरमी नसलेल्या पण गरमीसारख्या दिसणाऱ्या गोष्टी. दुपारी आपल्याकडे व्होल्टेजही पडते. चार्जरवर पाहा, इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं राहते, म्हणून १६० व्होल्टवर चार्जर चालतेच, पण तेवढीच पॉवर द्यायला जास्त करंट ओढते आणि स्वतः जास्त तापते. चार्जर गोधडीखाली दबलेला असेल, किंवा डुप्लिकेट असेल, तर तो तापून क्षणभर सुटते. त्या क्षणी बॅटरी चांगली असेल तर मशीनला कळतही नाही. पण पाच वर्षांची बॅटरी, तीही विदर्भातल्या गरमीतली, तिच्यात दमच नाही राहिला, तर मशीन त्याच क्षणी काळी. लोक म्हणतात गरम होऊन पडली, आणि गरमी खरी राहते, फक्त ती चार्जरची राहते. परीक्षा सोपी आहे. पूर्ण चार्ज करून चार्जर काढा आणि जोराचं काम चालू ठेवा. ६० टक्क्यांवरून एकदम बंद पडली तर बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश बॅटरीरिपोर्ट हे इंग्रजीत टाकलं की एक रिपोर्ट तयार होते, त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे पाहा. दुसरा पहिल्याच्या अर्ध्यावर आला असेल तर ती बॅटरी दुपारचा झटका झेलणार नाही.

आणि टचपॅड वर उचलल्यासारखं वाटते का, क्लिक होत नाही का, मशीन टेबलावर ठेवली तर डोलते का ते आजच पाहा. तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग लॉग-बिग सगळं सोडा, चार्जर काढा, मशीन बंद करा, ती बॅटरी बदलल्याशिवाय चालू करू नका. फुगलेल्या बॅटरीला टोचायचं नाही, दाबायचं नाही, घरात ठेवायची नाही.

सॉफ्टवेअरचीही एक बाजू आहे, ती पटकन सांगतो. मशीन चालू करून दहा मिनिटं काहीच न करता ठेवा आणि टास्क मॅनेजर पाहा. सीपीयू पाच-दहा टक्क्यांच्या खाली बसला पाहिजे. काही न करता ५०-६० टक्के खाऊन राहिलं तर कोण खाते ते पाहा. विंडोज अपडेट असेल तर होऊ द्या. पण क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर त्याच्यासोबत कॉईन मायनिंगचा व्हायरस येणं नवीन नाही, आणि काही तर एवढे हुशार की टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात. म्हणून एचडब्ल्यूइन्फोच्या लॉगमध्येही सीपीयूचा वापर पाहा. रात्री बारा वाजता, मशीनला कोणी हात लावलेला नसताना, ९० टक्के दिसत असेल तर फॉरमॅट बरोबर आहे, पण मग ते क्रॅक परत टाकू नका. तुम्ही दोनदा फॉरमॅट मारून फरक पडला नाही, म्हणून तुमच्यात ही शक्यता कमीच वाटते.

पंखा-पेस्ट होईपर्यंत काम तर चालवायचं आहे, तर एक सेटिंग सांगतो. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स सेटिंगमध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट आणि त्यात मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट. तिथं १०० च्या जागी ९९ करा. एक टक्का दिसते पण त्यानं टर्बो, म्हणजे चिप गरजेला घेते तो जादा स्पीड, बंद होते. तुमचा आय फाईव्ह ८२५०यू असेल तर तो टर्बोमध्ये ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाते, टर्बो बंद केला की १.६ च्या आसपास. फॉर्म भरायला, सातबारा काढायला, प्रिंट मारायला १.६ पुरते, आणि गरमी एकदम उतरते. काही नव्या मशीनमध्ये हा पर्याय लपवलेला राहते, तिथं निदान बॅटरी सेव्हर नाहीतर बेस्ट पॉवर एफिशियन्सीवर ठेवा. सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, पूर्ण भरलेली बॅटरी गरमीत लवकर मरते.

मशीनच्या मागच्या दोन पायांखाली दोन बाटलीची झाकणं ठेवा. कूलिंग पॅडनं जेवढा फरक पडला नाही तेवढा कधी कधी यानं पडते, कारण खालून हवा ओढायच्या जाळीला जागा भेटते. टिनाच्या खोलीत वर तट्ट्या नाहीतर थर्मोकोलची सीलिंग टाकली तर खोलीचे जे तीन-चार डिग्री उतरतील तेवढेच चिपचेही उतरतील, वरचा हिशोब आठवा. पण ओला दुपट्टा खाली ठेवणं, बर्फाची पिशवी लावणं, फ्रिजमध्ये ठेवणं, यातलं काहीही नको. मी फ्रिजमधून काढलेली मशीन पाहिली आहे, बाहेर काढल्यावर आतून पाण्याचे थेंब धरले होते.

खरा बोर्डाचा बिघाड कसा दिसते तेही सांगतो म्हणजे तुम्ही दुकानवाल्याशी बरोबरीनं बोलू शकाल. सकाळी गार असताना, बायोसमध्येच ठेवून, पहिल्या मिनिटातच पडते आणि तापमान ४० च आहे. किंवा गार मशीन चालू करताच सेन्सर १०० च्या वर दाखवते. किंवा चार्जर लावला की चार्जरचाच दिवा विझते. अशा वेळी कुठेतरी एखादा पार्ट शॉर्ट आहे. आम्ही बेंचच्या सप्लायवरून थोडं व्होल्टेज देतो आणि बोर्डावर आयपीए शिंपडतो, जिथं ते सगळ्यात आधी उडून वाळते तो पार्ट दोषी. बहुतेक वेळा मुंगीएवढा कपॅसिटर राहते, तो बदलला की बोर्ड वाचते. म्हणजे बोर्ड गेला म्हणाले तरी विचारा, कोणत्या रेलवर, म्हणजे बोर्डावरच्या कोणत्या पॉवरच्या लाईनवर, शॉर्ट आहे, दाखवा. ज्यानं खरंच तपासलं तो दाखवते.

तुमची मशीन सकाळी तासन् तास चालते, बायोसमध्ये पडल्याचं तुम्ही म्हणत नाही, आणि दुपारीच पडते. माझा अंदाज फिन्समध्ये गादी आणि वाळलेली पेस्ट, आणि त्याच्याखाली दुसऱ्या नंबरला थकलेली बॅटरी. पण अंदाजावर पार्ट मागवू नका. उद्या सकाळी लॉगिंग चालू करा, ९९ चं सेटिंग मात्र उद्या करू नका, नाहीतर बिघाड लपेल. काम सेव्ह करत राहा, दुपारी मशीन पडू द्या. मग त्या फाईलच्या शेवटच्या दहा ओळी, जाळीसमोर हात धरल्यावर हवा कशी होती ते, आणि बॅटरी रिपोर्टचे ते दोन आकडे मला सांगा. पार्ट लागलाच तर अकोल्याहून दोन दिवसांत येते, जुलैच्या आत होऊन जाईल.